फ्रान्सच्या किनाऱ्यावर मोटरहोम: रात्रीची जागा दुपारीच ठरते

प्रश्न थोडक्यात असा आहे: आइंडहोव्हनला राहणारं एक मराठी कुटुंब. नवरा-बायको, दहा आणि सात वर्षांची दोन मुलं, शिवाय जुलैत पुण्याहून येणारे आई-बाबा. सहा जणांची मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन दोन आठवडे फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्याने फिरायचं आहे. "किनाऱ्यालगत कुठेही गाडी लावून रात्री झोपता येतं असं ऐकलं, ते खरं का? सगळं आधी बुक करावं का? आणि आई-बाबांना झेपेल का?"

ऐकलंत त्यातला "कुठेही" हा शब्द आधी काढून टाका. बाकीचं बरंचसं खरं आहे. मी गेली चौदा वर्षं याच किनाऱ्यावर, डिएपपासून खाली स्पेनच्या हद्दीपर्यंत, तुकड्यातुकड्याने फिरतोय. त्यावरून सांगतो.

फ्रान्समध्ये मोटरहोमला "काँपिंग-कार" म्हणतात, आणि कायद्याच्या दृष्टीने ती उभी असताना साधी मोटारच असते. जिथे मोटार लावायला परवानगी आहे तिथे ती लावता येते, आणि आत माणूस जागा आहे की झोपलाय याच्याशी कुणाला घेणंदेणं नसतं. पण सावलीचं कापडी छप्पर बाहेर ओढलं, खुर्च्या-टेबल मांडलं, चाकाखाली पाचर सरकवून गाडी समतल केली, की ते "पार्किंग" राहत नाही, "कॅम्पिंग" होतं. आणि समुद्राच्या काठावर मोकळं कॅम्पिंग करायला कायद्याने बंदी आहे. शिवाय किनाऱ्यावरचं बांधकाम आणि वापर आवरणारा १९८६ चा एक स्वतंत्र कायदा आहे. तिथला किनारा अजून इतका मोकळा दिसतो त्याचं बरंचसं श्रेय त्यालाच जातं. त्यामुळे या बंदीबद्दल मनात राग धरू नका. आपण बघायला जातो तो किनारा या नियमांमुळेच शिल्लक आहे.

त्यावर गावाच्या महापौराचे अधिकार वेगळे. तो आपल्या हद्दीत मोटरहोमवर बंधनं घालू शकतो, आणि किनाऱ्यावरच्या गावांतले महापौर ती घालतातच. पाटी बहुधा अशी असते: काँपिंग-कारचं चित्र, खाली रात्री ८ ते सकाळी ८ किंवा अशीच काही वेळ. म्हणजे दिवसा या, रात्री नको. दुसरी खूण म्हणजे पार्किंगच्या तोंडाशी आडवा लोखंडी दांडा, साधारण दोन मीटर उंचीवर. तुमची गाडी तीन मीटरच्या घरातली असणार. नेव्हिगेशनला हा दांडा ठाऊक नसतो. वळून आत शिरलात, मागे चार मोटारी लागल्या आणि समोर दांडा, की जीव मेटाकुटीला येतो. म्हणून किनाऱ्याकडे वळताना शेजारी बसलेल्याने दांड्यावर नजर ठेवायची, हे आमच्या गाडीत ठरलेलं काम आहे.

आता जुलैची एक खास फसगत सांगतो. फ्रान्सच्या वायव्य टोकाच्या ब्रिटनी प्रांतात जुलैच्या सुरुवातीला सूर्य रात्री दहाच्या पुढे मावळतो. साडेसहा वाजता आपल्याला वाटतं, अजून भर दुपार आहे, थोडं पुढे जाऊ. तोवर जागा भरलेल्या असतात. फ्रेंच, डच, जर्मन मंडळी दुपारी तीनलाच येऊन बसलेली असतात, आणि चांगल्या ठिकाणची शेवटची जागा चार-साडेचारला जाते. त्यामुळे माझा एकच नियम आहे, आणि तुम्हीही तोच ठेवा: दुपारचं जेवण संपेपर्यंत रात्रीची जागा ठरलेली हवी, आणि चार वाजता गाडी तिथे उभी हवी. त्यानंतर पायी किंवा सायकलने समुद्रावर जा, सहा तासांचा उजेड हातात असतो.

मुक्कामाच्या जागा मुख्यतः तीन प्रकारच्या.

पहिली "एर". नगरपालिकेने किंवा खासगी कंपनीने मोटरहोमसाठीच आखलेली जागा. काही फुकट, बहुतेक पैसे देऊन. झाडं-बिडं असतीलच असं नाही, कधी नुसता डांबरी चौक असतो. पण गावाच्या जवळ असते, आणि पाणी भरायची, सांडपाणी सोडायची सोय बहुधा तिथेच किंवा पलीकडच्या रस्त्यावर असते. "काँपिंग-कार पार्क" नावाचं एक मोठं जाळं आहे. त्याचं कार्ड करून घेतलं की फाटक उघडतं, आणि किती जागा शिल्लक आहेत ते अ‍ॅपवर दिसतं. जुलैत ही शिल्लक दिसणं हीच मोठी गोष्ट आहे. बाकी जागा शोधायला "पार्क-फोर-नाइट" आणि "काँपर-काँटॅक्ट" ही दोन अ‍ॅप सगळे वापरतात. पण त्यातले जुने अभिप्राय वाचू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांतले वाचा, कारण गावं नियम सारखे बदलतात. ज्या जागेचे फोटो अति सुंदर, तिथे आता पाटी लागली असण्याची शक्यता जास्त.

दुसरी शेतकऱ्याकडची जागा. "फ्रान्स पासियाँ" नावाची योजना १९९३ पासून आहे. वर्षाची वर्गणी भरायची. मग द्राक्षमळेवाले, सफरचंदाची सायडर करणारे, चीज करणारे, कालवं पोसणारे आपल्या आवारात चोवीस तास फुकट थांबू देतात. गाडीत स्वतःचं संडास आणि सांडपाण्याची टाकी हवी. विकत काही घ्यायची सक्ती नाही. पण गेल्या गेल्या यजमानाला भेटायचं, निघताना निरोप घ्यायचा, हे पाळायचंच. नॉर्मंडीत एका सायडरवाल्याच्या बागेत आम्ही थांबलो होतो तेव्हा त्याच्या आजीने माझ्या आईला हाताला धरून बागेत नेलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तासाभराने आई परत आली ती ओच्यात मनुकांसारखी छोटी आलुबुखारं घेऊन, आणि त्या झाडाला शेणखत घालतात की नाही हेसुद्धा विचारून आली होती. तुमच्या आई-बाबांसोबत अशा दोन तरी रात्री ठेवा. त्यांना हॉटेलात असं काही मिळणार नाही.

तिसरी म्हणजे कॅम्पसाईट. तुम्ही सहा जण आहात, त्यामुळे दर तिसरी रात्र इथे काढा, त्यात कंजूषी नको. "काँपिंग म्युनिसिपाल" म्हणजे नगरपालिकेचे कॅम्प, साधे आणि स्वस्त. वीज, गरम पाण्याची आंघोळ, कपडे धुवायचं मशीन, आणि मुख्य म्हणजे खुर्च्या बाहेर मांडून बसायची मुभा. हे कॅम्प मात्र जुलैसाठी आत्ताच बुक करा. एर बुक करायच्या मागे लागू नका. वाटेतला मोकळेपणा त्यांच्यासाठीच राखून ठेवायचा.

दर तिसरी रात्र का, तर संडासामुळे. ही गोष्ट भाड्याने देणारे ओझरती सांगतात, म्हणून मी नीट सांगतो. गाडीतलं संडास खाली एका काढता येणाऱ्या डब्यात जमा होतं, त्याला कॅसेट म्हणतात. त्यात अठरा-वीस लिटर मावतं. दोन माणसांना ते तीन दिवस पुरतं, सहा माणसांना एक, फार तर दीड दिवस. म्हणजे कॅम्पवर नसाल त्या दिवशी तुम्हाला रोज सर्व्हिस पॉइंट, म्हणजे पाणी भरायची आणि सांडपाणी सोडायची जागा, गाठावा लागणार. तिथे एक खांब असतो, त्याला दोन नळ. एकावर "ओ पोताब्ल", म्हणजे पिण्याचं पाणी. दुसरा कॅसेट धुवायचा. पिण्याच्या नळाला कॅसेट लावायची नाही, कधीच नाही. आणि दुसरा कुणी तसं करून गेला असेल हे धरून, पाणी भरण्यापूर्वी नळाचं तोंड पुसून थोडं पाणी वाहू द्यायचं. भांडी-आंघोळीचं करडं पाणी जमिनीतल्या जाळीवर गाडी उभी करून सोडायचं. कितीतरी खांब नाण्याने किंवा कार्डाने चालतात, काही अजून "जतों" म्हणजे टोकनवर. ते टोकन पर्यटन कार्यालयात किंवा कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळतं. आणि ही दोन्ही ठिकाणं लहान गावात दुपारी बारा ते दोन बंद असू शकतात. म्हणून साडेअकराला तिथे पोचा.

पाण्याबाबत तुमच्या आई शिकवतील तेवढं कुणी शिकवणार नाही. टाकी साधारण शंभर लिटरची. शॉवर उघडा सोडला तर सहा जणांत ती एका सकाळीच संपते. एका तांब्यात तोंड-हातपाय, अर्ध्या बादलीत आंघोळ, ही पाण्याच्या टंचाईतली सवय आपल्या घरांत अजून आहे. मुलांना ती आजीकडून शिकू दे.

आता वजन, कारण सहा जणांच्या गाडीत खरी अडचण तिथेच येते. साध्या मोटारीच्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, आणि भाड्याच्या बहुतेक गाड्या कागदावर तेवढ्याच असतात. सहा झोपायच्या जागांची गाडी रिकामीच तीन हजारांच्या आसपास भरते. उरले पाचशे. चार मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून साडेतीनशे धरा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. राहिले पन्नास! त्यात गॅस, कुकर, तांदूळ, कपडे, खुर्च्या. म्हणून प्रवासात टाकीत वीस-तीस लिटरच ठेवा, मुक्कामाच्या आधीच्या नळावर भरून घ्या. आणि गाडी ठरवताना झोपायच्या जागा मोजू नका, सीटबेल्ट मोजा. सहा पलंग आणि चारच पट्टे अशाही गाड्या असतात.

स्वयंपाक आतच करायचा. एरवर बाहेर शेगडी मांडली की ते कॅम्पिंग झालं. छताची खिडकी उघडून, पंखा लावून मग फोडणी द्या, नाहीतर तो वास पडद्यांत आठवडाभर राहतो. कुकर रात्री नऊच्या आधी. शेजारची गाडी दोन हातांवर असते, आणि ते लोक दहाला दिवे मालवतात.

मार्गाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन आठवड्यांत सगळा किनारा करायला जाऊ नका. नॉर्मंडी आणि उत्तर ब्रिटनी एवढंच घ्या. ब्रिटनीतल्या महामार्गांवर टोलही नाही. नॉर्मंडीकडे जाताना मात्र टोल लागतो, आणि तिथे गाडीची उंची बघा: दोन ते तीन मीटरपर्यंत वर्ग २, तीन मीटर झाली की वर्ग ३ आणि पैसे बरेच वाढतात. 

सुरुवात ल ट्रेपोरपासून करा. खडूच्या पांढऱ्या कड्यांच्या माथ्यावर तिथे मोटरहोमची जागा आहे, आणि कड्याच्या पोटातून खाली गावात उतरणारी फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावर चालणारी लिफ्टसारखी गाडी, आहे, फुकट. बाबांच्या गुडघ्यांना ते पायऱ्यांपेक्षा बरं. पुढे एत्रता. कमानीचे कडे जगात प्रसिद्ध आहेत, पण गाव चिमुकलं आणि जुलैत गच्च. तिथे सकाळी आठला पोचून अकराला निघा. ऑनफ्लरला जुन्या गोदीपासून चालत पाच-दहा मिनिटांवर प्रचंड मोठी एर आहे. सुंदर म्हणता येणार नाही, पण जागा मिळते, आणि संध्याकाळी गोदीच्या पाण्यात उंच अरुंद घरांचं प्रतिबिंब बघत बसता येतं. माँ-साँ-मिशेलला बेटापर्यंत गाडी जात नाही. पार्किंग अडीच किलोमीटर अलीकडे, तिथून फुकट बस. रात्र जवळच्या बोव्हवार गावात काढा आणि पहाटे किंवा रात्री नऊनंतर बेटावर जा, गर्दी ओसरल्यावर.

तिथून कांकाल, कालवांचं गाव, आणि सें-मालो. इथे मात्र एक गोष्ट जीव तोडून सांगतो. या खाडीत भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणाला १४ मीटरपर्यंत जातो. आपल्या कोकणात तो इतका कधी पाहिला नसेल. तीन-चार मजली घराएवढं पाणी सहा तासांत चढतं आणि उतरतं. फ्रेंच लोक प्रत्येक भरतीला "कोएफिसियाँ" नावाचा आकडा देतात, २० ते १२० मधला. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे तो वाढतो, अष्टमीच्या सुमारास उतरतो. आपल्याकडे उधाण आणि भांग म्हणतात तेच हे. वेळा आणि आकडे बंदराच्या कार्यालयाबाहेर, पर्यटन कार्यालयात, स्थानिक वर्तमानपत्रात असतात.

मी एकदा सप्टेंबरात उत्तर ब्रिटनीतल्या एका लहान बंदरात रात्री दहाला पोचलो. धक्क्याजवळ जागा रिकामी होती. बंदरात चिखलावर होड्या कलंडल्या होत्या, पाणी दूर गेलेलं. दमलो होतो, गाडी लावली आणि झोपलो. पहाटे पावणेसहाला चाकाजवळ चुळूक चुळूक असा आवाज आला. दार उघडलं तर खालची पायरी पाण्यावर होती. मुलांना झोपेतच धरून बसवलं आणि गाडी चढावर काढली. सातला भरती पुरी झाली तेव्हा मी झोपलो होतो तिथे गुडघाभर पाणी होतं. त्या दिवशी कोएफिसियाँ शंभराच्या वर होता. उजेडात बघितलं तर डांबरावर वाळक्या शेवाळाची आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची स्वच्छ रेष होती, आदल्या भरतीची. ती रेष दिवसा आलो असतो तर दिसली असती. चार वाजता पोचण्याचा माझा नियम त्या पहाटेपासूनचा आहे. तुम्ही बंदरात गाडी लावाल तेव्हा आधी ती रेष शोधा, आणि मग आकडा बघा.

असंच आणखी एक: गावातल्या चौकात रात्र काढणार असाल तर "मार्शे" असं लिहिलेली पाटी आहे का पाहा. आठवड्याच्या बाजाराची ती पाटी. पहाटे सहाला भाजीवाले येतात आणि गाडी उचलून नेली जाते. १४ जुलैचा राष्ट्रीय दिन तुमच्या सहलीत येतोय. त्या रात्री गावोगाव आतषबाजी असते आणि समुद्राजवळची पार्किंग बंद करतात. ती रात्र कॅम्पसाईटवर बुक करा, गावात पायी जा, मुलांना खूप आवडेल.

खालच्या अटलांटिक किनाऱ्याबद्दल थोडक्यात, पुढच्या खेपेसाठी. न्वारमूतिए बेटाला "पासाज द्यु ग्वा" ही चार किलोमीटरहून लांब वाट जाते, ती ओहोटीतच उघडी पडते. बघायला जरूर जा, पण भाड्याची गाडी त्यावर घालू नका, शेजारी पूल आहे. लाँदच्या पाइनच्या जंगलातल्या एर, मिमिझाँ, काब्रतों वगैरे, समुद्रापासून वाळूच्या टेकडीइतक्याच दूर आहेत आणि मला फार प्रिय आहेत. पण २०२२ च्या उन्हाळ्यात पिलाच्या वाळूच्या डोंगराजवळचे कॅम्प वणव्यात जळाले, तेव्हापासून आगीचा इशारा असलेल्या दिवशी मी जंगलात थांबत नाही. भूमध्य समुद्राकडे ग्र्युइसाँ, पालाव्हास इथे चांगली सोय आहे. नीसच्या बाजूचा कोत-दाझ्युर किनारा मात्र मोटरहोमसाठी नाहीच: अरुंद रस्ते, दांडे, पाट्या.

महामार्गावरच्या विश्रांतीस्थळी रात्री झोपू नका, चोऱ्या होतात. महामार्ग सोडून पाच किलोमीटर आत गेलं की एखादं शांत गाव सापडतंच.

आणि हाच माझा मुख्य सल्ला. खिडकीतून समुद्र दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडा. चार-पाच किलोमीटर आत, चर्चच्या मागे किंवा खेळाच्या मैदानाशेजारी, नगरपालिकेने दिलेली सहा-आठ गाड्यांची जागा असते. तिथे वारा कमी, आवाज नाही, पाटी नाही. सकाळी सातला उठून बेकरीतून गरम बगेत घ्यायचा आणि समुद्रावर जायचं. त्या वेळी दिवसाचं पार्किंग रिकामं असतं, रात्रीची बंदी संपत आलेली असते. फ्लास्कमधला चहा घेऊन आई-बाबा वाळूवर बसतील आणि दहापर्यंत अख्खा किनारा त्यांचाच असेल.

त्यांना झेपेल का, याचं उत्तर पलंगात आहे. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग मुलांना द्या, शिडी त्यांना खेळ वाटते. मागचा कायमचा पलंग आई-बाबांना, संडासाच्या सर्वांत जवळ. तुम्ही दोघं जेवणाच्या टेबलाचा पलंग करून झोपा. दाराखाली ठेवायला एक भक्कम लाकडी पाट घ्या, कारण गाडीची पहिली पायरी साठीच्या पुढच्या माणसाला उंच पडते.

पहिली रात्र ल ट्रेपोरच्या आसपासच्या कॅम्पसाईटवर बुक करून टाका. त्या दिवशी कुठेही फिरायला जाऊ नका. उजेडात पाणी भरा, कॅसेट एकदा काढून परत बसवून बघा, गॅसची कळ कुठे आहे ते सहाही जणांना दाखवा, आणि खिचडी टाका.